नाव तेच, माल वेगळा : लिनक्समध्ये विसंगत लायब्रऱ्या कशा बदलल्या जातात

मागच्या व्याख्यानात आपण पॅकेज म्हणजे काय आणि एका पॅकेजला दुसरं का लागतं, इथपर्यंत आलो होतो. आज त्याच्या पुढचा, जरा किचकट भाग घ्यायचा आहे. उदाहरण मुख्यतः डेबियनचं घेणार आहे, कारण तिथली सगळी कामं उघड्यावर चालतात आणि नियम लिहून ठेवलेले आहेत.

२०२४ च्या मार्चमध्ये डेबियनची 'अनस्टेबल' शाखा वापरणाऱ्यांना एक चमत्कारिक अनुभव येत होता. रोजच्यासारखं अपग्रेड करायला जावं, तर एपीटी म्हणायचं, करतो, पण त्यासाठी ही ही पॅकेजेस काढून टाकावी लागतील. आणि त्या यादीत अर्धा डेस्कटॉप! ज्यांनी यादी न वाचताच 'वाय' दाबलं, त्यांचं पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. नीट पाहिलं तर दिसायचं की शेकडो लायब्रऱ्यांच्या नावाला शेपूट लागलंय. 'लिबएसएसएल३' जाऊन 'लिबएसएसएल३टी६४' येतंय, 'लिबकर्ल४' जाऊन 'लिबकर्ल४टी६४' येतंय. आतला कोड मात्र तोच. मग नुसतं नाव बदलण्यासाठी एवढा गोंधळ का घातला? या प्रश्नाचं उत्तर नीट लागलं की आजचा सगळा विषय कळला असं समजा. पण तिथे जायला थोडी वाट चालावी लागेल.

आधी मुळापासून बघू. लिनक्सवर बहुतेक प्रोग्रॅम आपली सगळी कामं स्वतः करत नाहीत. चित्र उघडायचं असेल तर लिबपीएनजी, कूटबद्ध जोडणी करायची तर ओपनएसएसएल, आणि अगदी सगळ्यांच्या तळाशी जीलिबसी. या लायब्ररीची डिस्कवर एकच प्रत असते, ती सगळे वाटून घेतात. यात जागा वाचते हे खरं, पण आता डिस्क स्वस्त झाल्या. खरा फायदा वेगळा आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' नावाचा दोष जाहीर झाला. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेरच्या माणसाला वाचता येत होता, म्हणजे पासवर्ड, किल्ल्या, काहीही. डिस्ट्रिब्युशननी काय केलं? एक लायब्ररी दुरुस्त केली आणि पाठवली. ती बसवून सेवा पुन्हा सुरू केल्या की तिच्यावर अवलंबून असलेले वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, डेटाबेस सगळे एकदम सुरक्षित झाले. प्रत्येकाने आपापली प्रत पोटात ठेवली असती, तर एकेकाच्या दारात जाऊन दुरुस्ती करावी लागली असती.

पण वाटून घेतलेल्या गोष्टीची दुसरी बाजूही असते. ती बदलली की सगळ्यांचीच बदलते.

आता 'बदलली' म्हणजे काय, हे जरा बारकाईने बघू या, कारण गोम इथेच आहे. आपण सोर्स कोड लिहितो तेव्हा नावं वापरतो : वेळ, रक्कम, खातेदार. कंपाइल झाल्यावर ही नावं उरत नाहीत. उरतं ते एवढंच, की या नोंदीत सुरुवातीपासून चौथ्या बाइटवर जा आणि तिथलं वाच. समजा, एका लायब्ररीतल्या नोंदीत पहिले चार बाइट वेळेचे आणि पुढचे चार रकमेचे आहेत. तुमचा प्रोग्रॅम या हिशेबाने कंपाइल झालाय. उद्या लायब्ररीच्या लेखकाने वेळेसाठी चारऐवजी आठ बाइट घेतले. तुमचा प्रोग्रॅम अजूनही चौथ्या बाइटवरच जाणार. तिथे आता रक्कम नाही, वेळेचा वरचा अर्धा भाग आहे. सध्याच्या तारखांसाठी आणि आपल्या नेहमीच्या प्रोसेसरवर तो भाग शून्य असतो. म्हणजे रक्कम शून्य! आणि उलट बाजूने, प्रोग्रॅमने नोंदीसाठी आठच बाइट जागा राखली असेल, तर लायब्ररी तिथे बारा बाइट लिहिणार. वरचे चार शेजाऱ्याच्या जागेत. एरर येत नाही, काही नाही. प्रोग्रॅम आनंदाने चालू राहतो आणि चुकीचं काम करतो.

कंपाइल झालेल्या कोडमधल्या या अलिखित कराराला एबीआय म्हणतात. सोर्स कोड अजिबात न बदलता एबीआय मोडू शकतो, हे लक्षात ठेवा. नुसतं पुन्हा कंपाइल केलं तर सगळं सुरळीत चालेल. पण जुना कंपाइल झालेला प्रोग्रॅम आणि नवी लायब्ररी यांची गाठ पडली की घात.

यावरचा उपाय फार जुना आणि साधा आहे. माल बदलला तर नाव बदला.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो. १ एप्रिल १९५७ ला भारतात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. नंतर रुपयाचे शंभर पैसे. आता 'पैसा' हा शब्द दोन्हीकडे तोच ठेवला असता तर बाजारात रोज भांडणं झाली असती. तुम्ही म्हणता तो पैसा कोणता? म्हणून नव्या नाण्यावर 'नया पैसा' असं छापलं. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं बरोबरीने चालली, चार आण्याला पंचवीस नये पैसे असा हिशेब लोक करत राहिले, आणि १९६४ मध्ये जुन्याशी गोंधळ व्हायची भीती संपल्यावर 'नया' हा शब्द गळाला. तुमच्यापैकी ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल.

लायब्ररीत हा 'नया' शब्द कुठे असतो? प्रत्येक शेअर्ड लायब्ररीच्या आत तिचं अधिकृत नाव कोरलेलं असतं, त्याला एसओनेम म्हणतात. उदाहरणार्थ, 'लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१'. प्रोग्रॅम लिंक होताना हे नाव आपल्या आत टिपून ठेवतो आणि चालू होताना नेमकी त्याच नावाची फाइल मागतो. लेखकाने एबीआय मोडला की त्याने शेवटचा आकडा बदलायचा, हा संकेत. डेबियनचा नियम याच्या एक पाऊल पुढे जातो : पॅकेजच्या नावातही तो आकडा यायला हवा. म्हणून डेबियन ११ मध्ये 'लिबएसएसएल१.१' आहे आणि डेबियन १२ मध्ये 'लिबएसएसएल३'. दोन वेगळी नावं, दोन वेगळ्या फाइली, त्यामुळे दोन्ही एकाच मशीनवर सुखाने नांदू शकतात. जुने प्रोग्रॅम जुनी मागतात, नवे नवी.

मग प्रश्न सुटला की! नाही सुटला.

पहिली अडचण एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही येण्याची. समजा, एक चित्रांचा प्रोग्रॅम स्वतः लिबपीएनजीची जुनी आवृत्ती वापरतो, आणि तो ज्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीवर उभा आहे ती नवी आवृत्ती वापरते. आता एकाच प्रक्रियेत दोन्ही लोड झाल्या. दोघींमध्येही त्याच नावाची फंक्शन्स. हाक मारल्यावर कोण 'ओ' देणार? सिंबलना आवृत्ती जोडून हे टाळता येतं. जीलिबसी हेच करते. तिचं एसओनेम डेबियन २.० पासून, म्हणजे १९९८ पासून तेच आहे, पण आत काही फंक्शन्सच्या दोन-दोन आवृत्त्या आहेत आणि जुन्या प्रोग्रॅमला जुनी मिळते. माझ्या मते हे मुक्त सॉफ्टवेअरमधल्या सगळ्यात चिकाटीच्या आणि सगळ्यात कमी कौतुक झालेल्या कामांपैकी एक आहे. पण प्रत्येक लायब्ररीच्या लेखकाकडून ही अपेक्षा कशी ठेवणार? कित्येक लायब्रऱ्या एकटा माणूस शनिवार-रविवारी सांभाळत असतो.

दुसरी अडचण सुरक्षेची. जुनी लायब्ररी कायमची ठेवली तर तिच्यातले दोष कोण दुरुस्त करणार? ओपनएसएसएल १.१.१ चा आधार तिच्या लेखकांनी सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवला. म्हणून डिस्ट्रिब्युशनला शक्यतो एका रिलीजमध्ये एकच आवृत्ती ठेवायची असते. म्हणजे मग जुनीवर अवलंबून असलेलं प्रत्येक पॅकेज नवीवर न्यायला हवं, आणि तेही बरोबरीने. या मोहिमेला डेबियनमध्ये 'ट्रान्झिशन' म्हणतात.

तिची रीत अशी. नवी लायब्ररी आधी 'एक्सपेरिमेंटल' शाखेत टाकायची. तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस नवीशी कंपाइल होतात का, ते करून बघायचं. जी होत नाहीत त्यांच्या मेंटेनरना बग नोंदवून कळवायचं, जमल्यास सोबत दुरुस्तीही द्यायची. मग रिलीज टीमकडे परवानगी मागायची, कारण एका वेळी दोन मोठ्या मोहिमा एकमेकींत अडकल्या तर दोन्ही बसतात. परवानगी मिळाली की लायब्ररी 'अनस्टेबल'मध्ये येते आणि पुन्हा कंपाइल करण्याची रांग सुरू होते. ज्या पॅकेजचा सोर्स बदलायची गरज नाही, ते तसंच्या तसं पुन्हा बांधतात आणि आवृत्तीच्या मागे 'अधिक बी१' अशी खूण लावतात. तुमच्या मशीनवर अशी खूण बऱ्याच ठिकाणी दिसेल. क्रमही पाळावा लागतो : आधी मधल्या लायब्रऱ्या, मग त्यांच्यावरचे प्रोग्रॅम.

शेवटी हे सगळं 'टेस्टिंग' शाखेत जातं. तिथे ब्रिटनी नावाचा प्रोग्रॅम पहारा देतो. त्याचा मुख्य प्रश्न एकच : हे आत घेतलं तर आत्ता बसवता येणारं काही बसवता येणार नाही असं होईल का? होत असेल तर थांबा. त्यामुळे होतं काय, की शंभर पॅकेजेस तयार आणि एकच कंपाइल होत नाही, तर ते एक सगळ्यांना अडवून धरतं. जुनी लायब्ररी थोडे दिवस सोबत ठेवून काही वेळा वाट काढता येते. नाहीतर मग ते एक पॅकेज टेस्टिंगमधून बाहेर काढायचा निर्णय घ्यावा लागतो. हे काम कटू असतं हो. कुणाच्या तरी वापरातली वस्तू असते ती.

(श्रोत्यांतून प्रश्न : लेखकाने एबीआय मोडला, पण आकडा बदलायला विसरला तर?)

चांगला प्रश्न. विसरतात, नेहमी विसरतात. डेबियनमध्ये लायब्ररीबरोबर तिच्या सिंबलची यादी ठेवतात. नव्या आवृत्तीत एखादं सिंबल गायब झालं तर पॅकेज बांधतानाच ते अडकतं. पण मघाच्या उदाहरणात काय झालं होतं? फंक्शनचं नाव तेच होतं, फक्त नोंदीचा आकार बदलला होता. यादीत हे दिसत नाही. त्यासाठी 'लिबअ‍ॅबिगेल'सारखी साधनं आहेत, ती दोन आवृत्त्यांतल्या नोंदींची मापं ताडून बघतात.

आणि याच प्रश्नावरून आपण पुन्हा २०२४ च्या मार्चला येतो.

युनिक्सच्या जगात वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. ३२ बिट मशीनवर हा आकडा ठेवायचा प्रकार, टाइम-टी, चार बाइटांचा. त्यात मावणारा सगळ्यात मोठा क्षण आपल्या वेळेप्रमाणे १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला आकडा उलटतो आणि घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जातं. तुमच्या-माझ्या लॅपटॉपला याची फारशी चिंता नाही, ते ६४ बिट आहेत. पण ३२ बिट एआरएम प्रोसेसर राउटरमध्ये आहेत, कारखान्यातल्या नियंत्रकांत आहेत, छोट्या बोर्डांवर आहेत. अशी यंत्रं एकदा भिंतीवर बसली की दहा-पंधरा वर्षं कुणी हात लावत नाही. २०२५ मध्ये बसवलेलं यंत्र तेरा वर्षं चाललं की २०३८ उजाडलंच. म्हणजे घाई आत्ताच होती.

उपाय काय, तर टाइम-टी आठ बाइटांचा करा. जीलिबसीने २.३४ या आवृत्तीत, २०२१ मध्ये, तशी सोय केली. तिने स्वतः फंक्शनच्या दोन्ही आवृत्त्या ठेवल्या, त्यामुळे तिला नाव बदलावं लागलं नाही. पण बाकीच्या लायब्रऱ्यांचं काय? ज्या ज्या लायब्ररीच्या नोंदींत किंवा फंक्शनच्या तोंडाशी टाइम-टी आहे, तिचा एबीआय मोडला. तिच्या लेखकाने एक ओळही बदललेली नसताना!

आता एसओनेम बदलायचं का? इथे डेबियनने विचारपूर्वक नकार दिला. एसओनेम लेखकाचं असतं. डेबियनने आपल्या मर्जीने ते बदललं तर दुसरीकडे कंपाइल झालेले प्रोग्रॅम डेबियनवर चालणार नाहीत, डेबियनवरचे दुसरीकडे नाहीत. आणि ६४ बिट मशीनवर तर खरं काहीच बदललेलं नव्हतं. म्हणून त्यांनी फाइलीचं नाव तेच ठेवून फक्त पॅकेजचं नाव बदललं. तेच ते 'टी६४' शेपूट. ही युक्ती नवी नव्हती. २०१५ मध्ये जीसीसी ५ आला आणि सी प्लस प्लसमधल्या स्ट्रिंगची आतली रचना बदलली, तेव्हा 'व्ही५' असं शेपूट लावलं होतं.

पण याची किंमत बघा. एरवी जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी राहू शकतात, कारण फाइली वेगळ्या असतात. इथे फाइल एकच. म्हणून जुनं पॅकेज काढल्याशिवाय नवं बसतच नाही, आणि जुनं काढायचं तर त्यावरचं सगळंच एकाच वेळी नवं झालेलं हवं. तोवर एपीटीला एकच मार्ग दिसतो : काढून टाकू का? सुरुवातीला दाखवलेल्या यादीचं कारण हे. ६४ बिट मशीनवर नवं पॅकेज 'मी जुन्या नावालाही हजर आहे' असं जाहीर करतं, त्यामुळे तिथे कळ थोडी कमी होती.

३२ बिट एआरएमवर मात्र खरी कसोटी लागली. पॅकेज बांधायला जी हत्यारं लागतात, ती स्वतःच जुन्या लायब्रऱ्यांवर उभी. हत्यार नवं करायला नवी लायब्ररी हवी, लायब्ररी बांधायला हत्यार हवं. ही वर्तुळं माणसांनी एकेक करून हाताने तोडली. त्यात २९ मार्चला एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा घुसवल्याचं उघड झालं. त्याच बदलातून जात असलेल्या उबुंटूने आपल्या २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलली आणि संशयित काळात बांधलेली पॅकेजेस पुन्हा बांधली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ या बदलासह बाहेर पडलं.

यातून आय३८६, म्हणजे जुन्या ३२ बिट पीसीची शाखा, मुद्दाम वगळली. कारण ती आता मुख्यतः जुने, सोर्स उपलब्ध नसलेले प्रोग्रॅम चालवायलाच वापरतात. त्यांना पुन्हा कंपाइल कोण करणार? तिथे एबीआय मोडला असता तर त्या शाखेचं प्रयोजनच संपलं असतं. मला हा निर्णय पटतो, जरी त्याचा अर्थ त्या मशीनना २०३८ मध्ये मरायला सोडणं असा असला तरी.

आणखी एक गोष्ट. पुन्हा कंपाइल करून मेमरीतली मापं बदलतात, डिस्कवर आधीच लिहिलेली नाहीत. कोण कधी लॉग-इन झालं याच्या जुन्या फाइलींत वेळेला चारच बाइट होते. म्हणून डेबियन १३ मध्ये 'लास्ट' आणि 'लास्टलॉग' या कमांडची जुनी साधनं गेली आणि वेगळ्या डेटाबेसवर चालणारी नवी आली.

(प्रश्न : म्हणजे एबीआय सांभाळला की नव्या लायब्ररीचा धोका नाही?)

आहे ना. २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ आली. एबीआय शाबूत, एसओनेम तेच. फक्त शब्द लावण्याचा क्रम नव्या मानकाप्रमाणे बदलला. इंग्रजी लोकॅलमध्येसुद्धा मधे डॅश असलेल्या शब्दांचा क्रम बदलला. पोस्टग्रेससारखा डेटाबेस इंडेक्स याच क्रमावर बांधतो. सिस्टिम अपग्रेड झाली, इंडेक्स जुन्या क्रमाचा राहिला. आता असलेली नोंद शोधली तर सापडत नाही, किंवा एकमेव असायला हवी ती दोनदा शिरते. आपल्या देवनागरी याद्या लावायला जे आयसीयू वापरतात त्यांनीही हे ध्यानात ठेवा. आयसीयूचा आकडा प्रत्येक मोठ्या आवृत्तीला बदलतो : डेबियन ११ मध्ये ६७, १२ मध्ये ७२, १३ मध्ये ७६. पोस्टग्रेस क्रमाची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा देतो. तो आला की इंडेक्स पुन्हा बांधायचे, उद्यावर टाकायचं नाही.

(प्रश्न : आमच्या ऑफिसात एक विकत घेतलेला प्रोग्रॅम आहे, तो लिबएसएसएल १.१ मागतो. नेटवर सांगतात की नव्या फाइलीला जुन्या नावाची लिंक करून द्या. चालेल?)

अजिबात करू नका. दीड तास आपण हेच बोलतोय! नाव तेच आणि माल वेगळा, ही परिस्थिती तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करताय. नशीब चांगलं असेल तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. वाईट असेल तर सुरू होईल. जुन्या रिलीजमधलं सुटं पॅकेज आणून बसवणं त्याहून बरं, पण मग त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत आणि ते तिथे आहे हे वर्षभराने कुणाच्या लक्षातही राहत नाही. माझा सल्ला, तो प्रोग्रॅम डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये बंद करा, बाहेरच्या नेटवर्कशी त्याचा संबंध लागेल तेवढाच ठेवा, आणि विक्रेत्याला लेखी विचारा की नवी आवृत्ती कधी देणार.

आणि अपग्रेड करताना एवढं पाहा : एपीटीचं साधं 'अपग्रेड' काहीही काढून टाकत नाही, 'फुल-अपग्रेड' काढू शकतं. दुसरं वापरणार असाल तर 'काढली जातील' या मथळ्याखालची यादी शेवटपर्यंत वाचा. नंतर 'नीडरिस्टार्ट' चालवून कुठल्या सेवा अजून जुनी लायब्ररी धरून बसल्या आहेत ते बघा, आणि त्या पुन्हा सुरू करा.

फ्लॅटपॅक आणि निक्सबद्दल दोघांनी चिठ्ठी पाठवली आहे. तो मोठा विषय आहे, पुढच्या व्याख्यानात तिथूनच सुरुवात करू.